आरबी शिल्लक आहे का? पाल्बोसिक्लिबनंतर पुन्हा वाढलेल्या स्तनाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

हे प्रकरण दक्षिण कोकणातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत, उपचारांचा क्रम मात्र झाला तसाच ठेवला आहे. वॉर्डात सगळे त्यांना काकू म्हणायचे, म्हणून इथेही काकूच. पेशीविभाजनाचा लगाम हातात असलेलं आरबी हे प्रथिन रुग्णाच्या प्रत्येक निर्णयात कसं आडवं येतं, ते या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ते एवढं स्वच्छ दिसत नाही. म्हणून हे सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

२०१४ मध्ये काकूंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. काखेतल्या दोन गाठींत आजार पोचला होता. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन आणि त्यानंतर पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी, असा रीतसर उपचार झाला. गाठ इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्ही संप्रेरकांना प्रतिसाद देणारी होती आणि हर-२ निगेटिव्ह होती, म्हणजे हर-२ हे वाढीला चालना देणारं प्रथिन तिच्यात जास्त नव्हतं. २०१९ मध्ये गोळी थांबली. पुढची तीन वर्षं वर्षातून एकदा घाट चढून तपासणीला यायचं, एवढाच आमचा संबंध.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पाठ धरली. आधी कमरेचा पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या झाल्या. मग एमआरआय झाला आणि त्यात मणक्यांवर डाग दिसले. पेट-सीटीमध्ये मणके, कंबरेचं हाड आणि यकृतातल्या तीन गाठी दिसल्या. संप्रेरक-पॉझिटिव्ह स्तनाच्या कर्करोगाची ही खोड आहे. तो पाच, आठ, कधी पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो. सगळं सुरळीत झालं असं मानून बसलेल्या घरावर हे अचानक येतं, आणि पहिला प्रश्न नेहमी तोच असतो: "एवढे उपचार करून आलाच कसा?"

आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका केंद्रात हाडाची बायोप्सी झाली होती. हाड कापण्याजोगं मऊ करण्यासाठी तो तुकडा तीव्र आम्लात ठेवला गेला होता. आम्लाने कॅल्शियम निघतं, पण प्रथिनं आणि डीएनएही खराब होतात. त्या अहवालात संप्रेरक ग्राही (संप्रेरकाचा संदेश घेणारं पेशीतलं प्रथिन) "कमकुवत पॉझिटिव्ह" लिहिलं होतं आणि त्यावर विसंबता येत नव्हतं. म्हणून यकृतातल्या गाठीतून नव्याने बायोप्सी घेतली. त्यात इस्ट्रोजेन ग्राही ९० टक्के पेशींत, प्रोजेस्टेरॉन ग्राही ४० टक्के पेशींत, हर-२ निगेटिव्ह आणि केआय-६७ १८ टक्के आलं. केआय-६७ विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींतच दिसतं, त्यामुळे गाठीचा वेग किती, याचा अंदाज त्यावरून येतो. १८ टक्के म्हणजे गाठ धावत नव्हती, सावकाश चालली होती.

आधीच्या अहवालावर थांबलो असतो तर "ग्राही कमकुवत, म्हणजे संप्रेरक-उपचाराचा उपयोग नाही" या समजाने काकू थेट केमोथेरपीला गेल्या असत्या. पुढची सगळी वाट त्या दुसऱ्या बायोप्सीमुळे बदलली.

पेशी कुठे अडते

पुढचे निर्णय समजायला पेशीविभाजनातला एक टप्पा माहीत हवा.

पेशी दोन होण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. ही नक्कल सुरू करायची की नाही, हे ठरण्याची एक जागा असते. तिच्या पलीकडे गेलेली पेशी सहसा मागे फिरत नाही. त्या जागेवर आरबी नावाचं प्रथिन बसलेलं असतं. नक्कल सुरू करणारी जनुकं चालू करणाऱ्या ई२एफ या प्रथिनांना ते धरून ठेवतं. पेशीला वाढीचा संदेश आला की सायक्लिन डी तयार होतं, ते सीडीके४ किंवा सीडीके६ या विकराला जाऊन चिकटतं, आणि ही जोडी आरबीवर फॉस्फेटचे गट बसवू लागते. मग सायक्लिन ई आणि सीडीके२ उरलेलं काम करतात. आरबीची पकड सुटते, ई२एफ मोकळं होतं आणि पेशी नक्कल करायला निघते.

धरणाच्या दरवाजाचा विचार करा. पाणी म्हणजे ई२एफ, दरवाजा म्हणजे आरबी, आणि दरवाजा वर उचलणारा हात म्हणजे सायक्लिन डी व सीडीके४/६ यांची जोडी. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही औषधं त्या हाताला धरून ठेवतात. दरवाजाच वाहून गेला असेल तर हात धरून काय होणार? या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे.

आरबीचं नाव ज्यावरून पडलं, तो रेटिनोब्लास्टोमा लहान मुलांच्या डोळ्यात होतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की आजार होतो, हा तर्क आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये नुसत्या रुग्णांच्या नोंदींवरून मांडला. जनुक हाती आलं त्यानंतर पंधरा वर्षांनी. सायक्लिन हे प्रथिन टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत सापडलं. प्रत्येक विभाजनागणिक ते साठत जायचं आणि एकदम नाहीसं व्हायचं. हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना पेशीचक्राच्या शोधांसाठी २००१ मध्ये नोबेल मिळालं. अर्चिनच्या अंड्यांपासून काकूंच्या यकृतापर्यंतची ही साखळी मला आजही थक्क करते.

संप्रेरक-पॉझिटिव्ह कर्करोगाचा या जोडीशी खास संबंध आहे, कारण इस्ट्रोजेनचा संदेश सायक्लिन डी१ वाढवूनच पेशीला पुढे ढकलतो. काही गाठींमध्ये सायक्लिन डी१चं जनुक अनेक पटींनी वाढलेलं असतं. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या वेगवेगळ्या पेशींवर पाल्बोसिक्लिब वापरून पाहिलं, तेव्हा सर्वाधिक गुण इस्ट्रोजेन-पॉझिटिव्ह पेशींत आला. औषध त्याआधी कितीतरी वर्षं तयार होतं, कुणाला द्यायचं ते मात्र ठरत नव्हतं. अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २०१५ मध्ये मंजुरी मिळाली.

पहिला निर्णय: केमोथेरपी की गोळ्या

काकूंचा मुलगा मुंबईहून रात्रीच्या गाडीने आला आणि सकाळी थेट ओपीडीत. त्याचा प्रश्न रास्त होता. "डॉक्टर, लिव्हरला गेलंय म्हणता, आणि नुसत्या गोळ्या देणार?"

अजूनही बहुतेक घरांत गंभीर आजार म्हणजे सलाईनमधून जाणारं औषध, आणि गोळी म्हणजे हलका उपाय, असं मानतात. पण यकृतात गाठ असणं वेगळं आणि यकृत निकामी होऊ लागणं वेगळं. काकूंचं बिलिरुबिन सामान्य होतं, कावीळ नव्हती, जेवण जात होतं. अशा वेळी तातडीने केमोथेरपी द्यायला हवी, असं नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या स्तनकर्करोग परिषदेत राइट चॉइस या अभ्यासाचे निष्कर्ष आले. आक्रमक संप्रेरक-पॉझिटिव्ह आजार असलेल्या रुग्णांत रायबोसिक्लिब आणि संप्रेरक-उपचार यांची तुलना दोन औषधांच्या केमोथेरपीशी केली होती. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ गोळ्यांच्या गटात २४ महिने आणि केमोथेरपीच्या गटात १२.३ महिने होता. त्यातल्या स्त्रिया पाळी न गेलेल्या वा जाण्याच्या सुमाराच्या होत्या, काकूंची पाळी गेलेली होती. त्यामुळे तो पुरावा त्यांना जसाच्या तसा लागू नव्हता. पण गोळ्या म्हणजे दुय्यम उपाय, या समजाला त्याने चांगलंच उत्तर दिलं.

मुलाला मी कागदावर दरवाजाची आकृती काढून दाखवली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "बाबांना मी समजावतो." गोळ्यांचं ठरलं.

दुसरा निर्णय: कोणती गोळी, कधीपासून

सोबत लेट्रोझोल, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन बनणं रोखणारी गोळी, द्यायची, यावर दुमत नव्हतं. टॅमॉक्सिफेन बंद होऊन तीन वर्षं झाल्यावर आजार उलटला होता, म्हणजे तो संप्रेरक-उपचाराला दाद देईल असं धरायला जागा होती.

सीडीके रोधकांमध्ये, म्हणजे तो हात धरणाऱ्या औषधांमध्ये, माझा कल आधी रायबोसिक्लिबकडे होता. मोनालीसा-२ या अभ्यासात रायबोसिक्लिब घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ६३.९ महिने आणि नुसतं लेट्रोझोल घेणाऱ्यांचं ५१.४ महिने भरलं होतं. पाल्बोसिक्लिबच्या पालोमा-२ मध्ये आजार थोपवण्याचा काळ १४.५ वरून २४.८ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुष्यातला फरक, ५३.९ विरुद्ध ५१.२ महिने, ठोस ठरला नाही. दोन अभ्यासांतले रुग्ण वेगळे, त्यामुळे आकड्यांना आकडे भिडवून निकाल लावता येत नाही. तरी कल होता तो होता.

मग ईसीजी आला. क्यूटी अंतर (हृदयाच्या विद्युत-चक्रातला एक काळ) ४६२ मिलिसेकंद होतं. रायबोसिक्लिब हे अंतर आणखी वाढवू शकतं आणि ते सुरू करायला ४५० च्या आत असावं लागतं. शिवाय काकूंचं गाव घाटाखाली. महिनाभरात दोन-तीनदा ईसीजी काढून कुणीतरी नीट वाचणं, याची खात्री नव्हती. पाल्बोसिक्लिब ठरलं.

आता खर्च. केमोथेरपी सरकारी योजनेतून होण्यासारखी होती, या गोळ्या मात्र घरच्या पैशांतून आणायच्या होत्या. मूळ कंपनीची किंमत शेती आणि मुलाचा पगार एकत्र केला तरी पेलणारी नव्हती. पाल्बोसिक्लिबच्या भारतातल्या पेटंटची मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपत होती आणि त्यानंतर भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या येणार, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक होतं. मग तीन मार्ग उरले: कर्ज काढून लगेच मूळ औषध, केमोथेरपी, किंवा लेट्रोझोल आजपासून आणि पाल्बोसिक्लिब काही आठवड्यांनी.

तिसरा मार्ग निवडला. आजार संथ होता, यकृताचं काम चोख होतं, आणि लेट्रोझोल एकट्यानेही काम करतं. हाडांसाठी झोलेड्रॉनिक आम्ल सुरू केलं, त्याआधी दातांची तपासणी करून घेतली. फेब्रुवारीत पाल्बोसिक्लिब १२५ मिलिग्रॅम, २१ दिवस चालू आणि ७ दिवस बंद, असं सुरू झालं. केआय-६७ ४० टक्के असतं किंवा बिलिरुबिन वाढलेलं असतं, तर मी थांबायचा सल्ला दिला नसता.

जाताना एक सूचना खास दिली: पपनस खायचं नाही. पपनस ग्रेपफ्रूटच्या जवळचं फळ आहे. शरीरातलं जे विकर हे औषध मोडतं, त्यालाच ते अडवतं, आणि मग औषध रक्तात जास्त साठतं. काकूंच्या परसात पपनसाचं झाड होतं. पथ्य म्हटलं की आमच्याकडे दही, वांगं आणि आंबट बंद होतं. जे खरंच बंद करायचं असतं, त्याची आठवण कुणाला नसते.

पांढऱ्या पेशींचा घोळ

पहिल्या चक्राच्या पंधराव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७८० वर आले. गावच्या डॉक्टरांचा काळजीने फोन आला: पेशी वाढवण्याचं इंजेक्शन देऊ का, गोळ्या कायमच्या बंद करू का?

केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात कारण अस्थिमज्जेतल्या नव्या पेशी मरतात. पाल्बोसिक्लिबमध्ये त्या बहुतांशी मरत नाहीत, विभाजनाच्या दारात थांबतात, कारण त्यांनाही सीडीके६ लागतं. औषध थांबलं की त्या चालू लागतात. म्हणून आकडा सारखाच असला तरी तापासह जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण इथे बरंच कमी असतं. औषध ज्या जागी गाठीला अडवतं, त्याच जागी मज्जेलाही अडवतं. हा आकडा म्हणजे एका अर्थी औषध पोचल्याची पावती.

ताप नव्हता. चक्र पूर्ण केलं, इंजेक्शन दिलं नाही. पुढचं चक्र सुरू करायच्या दिवशी आकडा ९००, म्हणून एक आठवडा थांबलो. १४०० झाल्यावर तीच मात्रा दिली. त्याच्या पुढच्या चक्राच्या सुरुवातीला पुन्हा ९०० च्या आत आल्यावर मात्रा १०० मिलिग्रॅम केली आणि मग गाडी रुळावर आली.

पाठदुखी दोन महिन्यांत गेली. ऑगस्टच्या स्कॅनमध्ये यकृतातल्या दोन गाठी दिसेनाशा झाल्या, तिसरी निम्म्यावर. काकूंनी त्या वर्षी गणपतीत एकवीस उकडीचे मोदक स्वतः वळले, असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. स्कॅनच्या अहवालात असं काही लिहिलेलं नसतं.

बिघाड

नोव्हेंबर २०२४ मध्ये, औषध सुरू होऊन एकवीस महिने झाल्यावर, चित्र पालटलं. हाडं शांत होती, पण यकृतात उरलेली गाठ दुपटीहून मोठी झाली होती आणि शेजारी दोन नव्या आल्या होत्या. वजन तीन किलोंनी घटलं होतं. बिलिरुबिन अजून ठीक होतं, पण यकृताची विकरं चढू लागली होती.

पर्यायांची यादी लांब होती. लेट्रोझोल बदलून फुल्वेस्ट्रंट (इस्ट्रोजेन ग्राही नष्ट करणारं इंजेक्शन) द्यायचं आणि सोबत दुसरा सीडीके रोधक, ही पहिली कल्पना. मेंटेन अभ्यासात अशा अदलाबदलीने, म्हणजे मुख्यतः पाल्बोसिक्लिबनंतर रायबोसिक्लिब दिल्याने, आजार थोपण्याचा मध्यक काळ २.७६ वरून ५.२९ महिन्यांवर गेला होता. अबेमासिक्लिबच्या पोस्टमोनार्कमध्ये फरक याहून कमी, ५.३ विरुद्ध ६ महिने. एव्हरोलिमस आणि एक्सेमेस्टेन ही जुनी जोडी होतीच. केमोथेरपी होती. आणि यातलं काहीही निवडण्याआधी पुन्हा बायोप्सी, हा चौथा मार्ग.

आमच्या बैठकीत एका सहकाऱ्याचं मत पहिल्याकडे होतं. मुद्दा वजनदार होता: गोळ्या काकूंना सोसल्या होत्या, एकवीस महिने हा चांगला प्रतिसाद होता, आणि बायोप्सीत आठवडा-दहा दिवस जाणार. माझं म्हणणं वेगळं होतं. हाडं शांत असताना यकृत एवढ्या वेगाने वाढतंय, म्हणजे तिथल्या पेशी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या झाल्या असण्याची शक्यता मोठी. त्या कशा बदलल्या, हे पाहिल्याशिवाय त्याच हाताला दुसऱ्या औषधाने धरायचं म्हणजे अंधारात तीर मारणं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आरबी गमावणं हे या औषधांना दाद न देण्याचं नेहमीचं कारण नाही. पालोमा-३ मधल्या रुग्णांच्या रक्तातल्या डीएनएची तपासणी झाली, तेव्हा पाल्बोसिक्लिब घेतलेल्या १२७ पैकी ६ जणींत आरबी१ जनुकात नवे बदल सापडले. म्हणजे विसातून एक. बाकीच्यांत सायक्लिन ई वाढणं, सीडीके६ वाढणं, ग्राहीच्याच जनुकात बदल होणं अशा इतर वाटा असतात. त्यामुळे "आरबी पाहण्यासाठी बायोप्सी" असा आग्रह धरता येत नाही. पण ग्राही आणि हर-२ पुन्हा पाहण्यासाठी बायोप्सी करायची असतेच, आणि एकदा तुकडा हाती आला की आरबीचा रंग लावायला फारसं काही लागत नाही.

घरच्यांना पटवणं याहून अवघड गेलं. काकूंचे यजमान शांतपणे म्हणाले, "सुई लावली की ते पसरतं म्हणतात. आधीच दोनदा लावली." मी म्हटलं, "काका, गेल्या वेळची सुई लागल्यावर एकवीस महिने यकृत शांत राहिलं, उलट गाठी विरल्या. सुईने पसरलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं." ते लगेच काही बोलले नाहीत. काकूच म्हणाल्या, "करा. काय झालंय ते कळूं दे."

तपासणीत काय दिसलं

जी गाठ वाढत होती, तिच्यातूनच तुकडा घेतला. इस्ट्रोजेन ग्राही अजून ६० टक्के पेशींत होता, प्रोजेस्टेरॉन ग्राही नाहीसा झाला होता, हर-२ एक प्लस, म्हणजे अगदी थोडं, आणि केआय-६७ ६५ टक्के.

आरबीची काचपट्टी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातली, आधार-ऊतींतली आणि लिम्फोसाइटची केंद्रकं तपकिरी होती, म्हणजे रंग नीट लागला होता. त्यांच्या मधोमध कर्करोगाच्या पेशींची बेटं, आणि त्यांची केंद्रकं निव्वळ निळी. एकाही केंद्रकात तपकिरी छटा नाही. शेजारची निरोगी केंद्रकं रंगलेली आहेत, म्हणूनच निळ्या बेटांवर विश्वास ठेवता येतो. ती नसती, तर नुसता रंग फसला असंही म्हणता आलं असतं.

मॅडमनी दोन गोष्टी आपणहून केल्या. एक, पी१६चा रंग लावला. पी१६ हे सीडीके४/६ ला आवरणारं पेशीचंच प्रथिन. आरबी नाहीसं झालं की ते सहसा भरमसाट वाढतं, कारण पेशी आवर घालू पाहते आणि त्याचा परिणाम काहीच होत नाही. काकूंच्या गाठीत पी१६ सगळीकडे गडद होतं. दुसरी, २०२२ च्या यकृताच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) तोच आरबीचा रंग लावला. तेव्हा आरबी शाबूत होतं. म्हणजे दरवाजा उपचाराच्या काळात गेला. पाल्बोसिक्लिबने आरबी असलेल्या पेशी अडवल्या, आणि ज्या थोड्या पेशी त्याच्याशिवाय जगू शकत होत्या, त्यांना मोकळं रान मिळालं.

तीन आठवड्यांनी रक्तातल्या डीएनएचा अहवाल आला आणि त्याने गोंधळ घातला. ईएसआर१ या इस्ट्रोजेन ग्राहीच्या जनुकात बदल नाही, पीआयके३सीए या वाढीच्या संदेशाच्या जनुकात नाही, आणि आरबी१मध्येही नाही! मुलाचा फोन आला: "मग कुठला रिपोर्ट खरा?" दोन्ही खरे असू शकतात. रक्तातली तपासणी अक्षरांतले छोटे बदल चांगले पकडते. जनुकाचा मोठा भागच गळून पडला असेल, किंवा जनुक शाबूत राहून प्रथिन बनणंच थांबलं असेल, तर ती चुकू शकते. ऊतीत प्रथिन नाही हे डोळ्यांनी दिसत होतं आणि पी१६ त्याला दुजोरा देत होतं. मी ऊतीचा अहवाल धरला. शिवाय तोवर उपचार सुरू झाले होते. त्या कागदासाठी तीन आठवडे थांबणं काकूंच्या यकृताला परवडलं नसतं.

उपचार आणि परिणाम

सीडीके रोधकाचा विचार सोडला. फुल्वेस्ट्रंट एकट्याने द्यायला केआय-६७ फार जास्त होतं. हर-२ एक प्लस असल्याने ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान या, हर-२ ला धरून पेशीत केमोथेरपी पोचवणाऱ्या औषधाचं नाव निघालं, पण खर्च आवाक्याबाहेरचा होता आणि काकूंनी अजून पसरलेल्या आजारासाठी एकही केमोथेरपी घेतली नव्हती. ते पुढच्यासाठी राखून ठेवलं.

केमोथेरपीत दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल की कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, एवढंच उरलं. पॅक्लिटॅक्सेलचा गुण लवकर दिसतो असा माझा अनुभव, पण दर आठवड्याला घाट चढायचा, आणि २०१४ च्या टॅक्सेनने, म्हणजे पॅक्लिटॅक्सेलच्याच गटातल्या औषधाने, काकूंच्या पायांची बोटं अजून बधिर. यकृताचं काम टिकून होतं. कॅपेसिटाबिन निवडलं, आणि बिलिरुबिन वर गेलं तर लगेच बदलायचं, असं घरच्यांना आधीच सांगून ठेवलं. तळहात-तळपाय सोलवटतील, तेव्हा काजूच्या बिया हाताळायच्या नाहीत, हेही सांगितलं, कारण टरफलातला डीक साध्या हातालाही भाजतो.

मार्च २०२५ च्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी निम्म्याच्या आसपास आल्या. वजन परत वाढलं. तळहात फाटले, मात्रा एकदा कमी करावी लागली. आजार दहा महिने आटोक्यात राहिला. त्यानंतर यकृतात पुन्हा हालचाल दिसली आणि पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. हाडं या सगळ्या काळात शांतच आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट हाडाच्या बायोप्सीची. हाडाशिवाय दुसरी जागाच नसेल तर तुकडा तीव्र आम्लाऐवजी ईडीटीए या सौम्य द्रावणात मऊ करावा. त्याला वेळ लागतो, पण ग्राही आणि डीएनए टिकतात. विनंतीपत्रावर हे एका ओळीत लिहून पाठवलं तर प्रयोगशाळा करते. न लिहिता ती करेल, असं धरू नये.

दुसरी गोष्ट पुन्हा बायोप्सी करण्याबद्दलच्या बोलण्याची. ते बोलणं आजार वाढल्यावर, सगळे हादरलेले असताना झालं. औषध सुरू करतानाच "हे कधीतरी थांबेल, तेव्हा आपण पुन्हा तुकडा तपासू" असं सांगितलं असतं, तर काकांची सुईची भीती शांत डोक्याने बोलता आली असती. आता नव्या रुग्णांच्या घरच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगतो.

तिसरी, सुरुवातीलाच आरबी पाहावं का? औषध निवडायला त्याचा आज उपयोग नाही, कारण उपचार न झालेल्या संप्रेरक-पॉझिटिव्ह गाठींत आरबी बहुधा असतंच. सायक्लिन डी१ किंवा पी१६ पाहून रुग्ण निवडण्याचा प्रयत्न पालोमा-१ मध्ये झाला होता आणि त्यातून निवड काही सुधारली नाही. सुरुवातीचा ब्लॉक जपून ठेवणं मात्र फार मोलाचं ठरलं. २०२२ चा ब्लॉक हाती नसता, तर आरबी मुळातच नव्हतं की नंतर गेलं, हे कधीच कळलं नसतं. ब्लॉक घरी नेऊन पिशवीत हरवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. एक तुकडा रुग्णालयात राहू द्यावा.

आणि एक मुद्दा आमच्यात अजून मिटलेला नाही. आम्ही तपासली ती यकृतातली एक गाठ. हाडांतल्या पेशींत आरबी बहुधा शाबूत आहे, नाहीतर हाडं शांत राहिली नसती. मग कॅपेसिटाबिनच्या जोडीला संप्रेरक-उपचार चालू ठेवायला हवा होता का? सहकाऱ्याचं म्हणणं, हो, हाडांपुरता तरी. मी तो थांबवला, कारण काकूंचं आयुष्य यकृतावर ठरणार होतं आणि आणखी एका औषधाचा त्रास मला नको होता. हाडं आजवर शांत आहेत, पण ती कॅपेसिटाबिनमुळे की स्वभावानेच, हे या एका रुग्णावरून ठरवता येणार नाही. पुढच्या स्कॅनमध्ये हाडं हलली, तर बायोप्सी तिथली करायची, ईडीटीए लिहून, आणि आरबी दिसलं तर फुल्वेस्ट्रंटसोबत सीडीके रोधकाचा विचार पुन्हा उघडायचा, एवढं आम्ही दोघांनी मिळून काकूंच्या फाइलवर लिहून ठेवलं आहे.